लागवडीचा उत्साह आणि निगेची उपेक्षा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की शहराच्या कडेने पसरलेल्या रोपवाटिकांमध्ये जी झुंबड उडते, तेथून गुलाबाची, जास्वंदीची, मोगऱ्याची आणि ज्यांची नावेही घेणाऱ्यास धड ठाऊक नसतात अशा कित्येक परदेशी जातींची रोपे ज्या हौसेने घरोघरी नेली जातात, आणि पुढच्या रविवारी बंगल्यांच्या अंगणांत व गृहनिर्माण संस्थांच्या भिंतीकडेच्या वाफ्यांत ती ज्या उत्साहाने लावली जातात, ते पाहून कोणासही समाधान वाटावे. परंतु तेच वाफे दिवाळीच्या सुमारास पाहण्याचा प्रसंग येतो, तेव्हा काही रोपे मुळाशी कुजून गेलेली, काही लव्हाळ्यात हरवलेली, काही पानांवर पांढरी भुरी धरून निस्तेज उभी असलेली आढळतात. आणि मग जमीन वाईट, हवा मानवत नाही, रोपवाल्याने फसविले, अशी कारणे सांगून ती सारी उपटली जातात व त्यांच्या जागी हंगामी फुलांच्या तयार कुंड्या आणून मांडल्या जातात. हा शिरस्ता आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही चुकते आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या घरगुती फुलबागांचे जे दैन्य आज दिसते त्याचे मूळ, लागवड हाच बागेचा मुख्य प्रसंग आणि निगा ही त्यामागून आपोआप येणारी किरकोळ बाब, या आपल्या समजुतीत आहे. आणि ही समजूत पालटल्यावाचून रोपांवरचा खर्च कितीही वाढविला तरी अंगणे फुलणार नाहीत.

मातीला दोष देणाऱ्यांनी प्रथम ती माती उकरून पाहावी. देशावरील बऱ्याच भागाची मूळ जमीन ही काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, झिजेतून झालेली काळी जमीन होय. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, म्हणून वैशाखात तिला खोल भेगा पडतात आणि श्रावणात तीच जमीन पाणी धरून मुळांचा श्वास कोंडते. हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. वाफा भोवतालच्या जमिनीपासून वीतभर उंच घेतला, चौरस मीटरला चार-पाच किलो चांगले कुजलेले शेणखत दरवर्षी तिच्यात मिसळले आणि पाणी निघून जाण्यास एका बाजूने वाट ठेवली, तर काळ्या मातीसारखी सुपीक माती शोधूनही सापडणार नाही. नव्या इमारतींच्या वाफ्यांतून मात्र ही काळी मातीही नसते. बांधकामाचा राडारोडा, फुटक्या विटा, सिमेंटचे गोळे आणि मुरूम यांनी खड्डा भरून त्यावर वीतभर तांबड्या मातीचा थर पसरला, की वाफा तयार झाला असे कंत्राटदार समजतो आणि आपणही तसे मानून घेतो. मग गुलाबाची व जास्वंदीची नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागतात, तेव्हा कोणी ‘टॉनिक’ आणतो, कोणी औषध फवारतो. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी झाली म्हणजे तिच्यात लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, हे त्या पिवळेपणाचे एक नेहमीचे कारण असते. त्यावर उपाय बाटलीतून येत नाही, राडारोडा दीड-दोन फूट खणून काढून टाकण्याने आणि सेंद्रिय खत भरपूर घालण्याने येतो. कोकणात व गोव्यात प्रश्न निराळा आहे. तेथील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी व भुसभुशीत, आणि पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. तेव्हा आषाढात घातलेले खत भाद्रपदापर्यंत वाहून जाते, आणि शहाणा माणूस तेथे खताचा मोठा हप्ता पाऊस ओसरल्यावर, आश्विनात देतो.

खताविषयी बोलत आहे तोवर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. ताजे शेण वाफ्यात घालू नये. ते कुजताना उष्णता धरते आणि हुमणीच्या अळ्या पुष्कळदा त्याच्याबरोबरच बागेत येतात, ज्या मग जमिनीखाली राहून मुळे कुरतडतात आणि वर झाड का सुकते आहे याचा पत्ता लागू देत नाहीत. तसेच पाण्यात विरघळणारी रासायनिक खते डब्यावरील प्रमाणाच्या दुप्पट घातली म्हणजे फुले दुप्पट येतील हा भ्रम सोडावा. नत्र अधिक झाले की झाड पानांनीच माजते, कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा येऊन बसतो आणि कळ्या मात्र धरत नाहीत. वर्षातून एकदा भरमसाट खत घालून नंतर विसरून जाणे हे तान्ह्या मुलाला वर्षातून एकदा पंक्तीचे जेवण वाढण्यासारखे आहे. फुलझाडांना महिन्या-दीड महिन्याला ओंजळभर शेणखत वा गांडूळखत, आणि अधूनमधून थोडी निंबोळीची वा एरंडीची पेंड, इतके बेताचे व नियमित पोषणच मानवते.

आता पाण्याविषयी. बहुतेक संस्थांमध्ये माळी नावाचा जो गडी तैनात असतो, त्याला इतर कामांतून सवड मिळेल त्या वेळी, बहुधा दहा-अकराच्या उन्हात, तो रबरी नळी वाफ्यावर धरून उभा राहतो. पाण्याच्या जोराने मुळांजवळची माती उघडी पडते, वरचा इंचभर थर ओला होतो, त्याखालची माती कोरडीच राहते, आणि पाणी दिल्याची नोंद तेवढी होते. अशा उथळ पाण्याने मुळेही उथळच राहतात व एक दिवस पाणी चुकले की झाड माना टाकते. याउलट प्रत्येक झाडाभोवती आळे करून त्यात झारीने सावकाश, पुरते मुरेपर्यंत पाणी द्यावे, आणि पुढचे पाणी मातीत बोट दोन पेरे खोल घालून ओल उरली नाही असे दिसल्यावरच द्यावे, हा नियम पाळला तर हिवाळ्यात काळ्या जमिनीतील वाफ्याला आठवड्यातून दोन वेळा पाणी सहज पुरते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पानांवर पडलेले थेंब उन्हाबरोबर वाळतात. पाने रात्रभर ओली राहिली तर गुलाबावर काळे ठिपके येण्यास तेवढे निमित्त पुरते. कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरड्या कराव्यात. डासाचे अंडे पाण्यात पडल्यापासून डास उडून जाईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

ज्या एका जुन्या रिवाजाचे महत्त्व आपण नीट ओळखले नाही असे मला मनापासून वाटते, तो म्हणजे पहाटे परडी घेऊन पूजेसाठी फुले काढण्याचा रिवाज. वाड्यांतून, बैठ्या घरांतून आणि खेड्यांच्या परसांतून हे काम घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडे, बहुधा आजीकडे, अलिखित हक्काने असे. ती व्यक्ती तांबडे फुटताच उठून तगरीपासून सुरुवात करून जास्वंद, कण्हेर, गोकर्ण, अबोली, मोगरा असा साऱ्या झाडांचा फेरा घेत असे. या कृतीकडे आपण केवळ धार्मिक आचार म्हणून पाहिले, आणि फुले बाजारातून पुडीत बांधून येऊ लागताच ती निःशंकपणे सोडून दिली. परंतु बागेच्या दृष्टीने तिच्यात दोन फार मोठ्या गोष्टी घडत होत्या. पहिली अशी, की फूल झाडावरच वाळून त्याचे बी धरू लागले म्हणजे झाडाची शक्ती त्या बीकडे वळते आणि पुढचे फुलणे मंदावते. गोकर्णाच्या वेलावर चपट्या शेंगा लटकू दिल्या किंवा झेंडूची तपकिरी झालेली बोंडे तशीच राहू दिली, तर महिन्याभरात त्यांचा बहर आटोपल्याचे दिसते, आणि तीच फुले रोजच्या रोज खुडली तर बहर कितीतरी लांबतो. जास्वंदीला व दुहेरी तगरीला क्वचितच बी धरते, तेव्हा त्यांच्या बाबतीत हे कारण लागू नाही. परंतु दुसरे कारण तेथेही लागू आहेच, आणि ते पहिल्याहून मोठे आहे. फुले काढणाऱ्या त्या हाताबरोबर एक अनुभवी दृष्टी रोज प्रत्येक झाडावरून फिरत असे. कोणत्या पानामागे पिठ्या ढेकणाचा पांढरा पुंजका धरला, कोणत्या फांदीवर मुंग्यांची ये-जा वाढली, कोणाच्या बुंध्याशी माती खचली, कोणता शेंडा रात्रीतून काळा पडला, हे तिला आयतेच समजे; आणि रोग वा कीड एका पानावर असताना ते पान तोडून टाकण्याने जे काम होते, ते सारे झाड व्यापल्यावर बाजारातल्या कोणत्याही औषधाने होत नाही. परडी गेली तेव्हा आपल्या बागांची रोजची तपासणी बंद झाली, हे आपल्या ध्यानी आले नाही. ज्यांना पूजा करावयाची नाही त्यांनी करू नये. परंतु सकाळी दहा मिनिटे, रिकामी पाटी व एक लहान कात्री घेऊन, वाळलेली फुले आणि रोगट पाने काढीत आपल्या वाफ्यांवरून एकवार जावे, एवढी दिनचर्या पुन्हा सुरू करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

या फेऱ्यात तणाकडेही लक्ष जाते. लव्हाळ्याचे पाते वरचेवर ओढून काढणारा माणूस केवळ आपले समाधान करून घेतो, कारण त्याच्या जमिनीखालच्या साखळीतल्या गाठी तशाच राहतात व आठ दिवसांत पुन्हा फुटतात; खुरप्याने खोल जाऊन त्या गाठीच काढाव्या लागतात, आणि तेही एकदा करून भागत नाही. गाजरगवताची गोष्ट निराळी. 1950 नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात ज्याची आपल्याकडे प्रथम नोंद झाली आणि जे आज देशभर पसरले आहे, त्या गवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने व परागांनी कातडीचे आणि श्वासाचे विकार होतात. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले तरच त्या कष्टांचा उपयोग होतो. पांढरी फुले डोलू लागल्यावर जाग आलेल्या संस्थेला पुढची कित्येक वर्षे तेच काम करीत राहावे लागते.

छाटणीचे वेळापत्रक हा निगेतील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तेथेच आपला अडाणीपणा सर्वांत अधिक उघड होतो. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करावयाची असते. वाळक्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या काढून, उरलेल्या सशक्त फांद्या बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरक्या कापाने कापाव्या, कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावावे म्हणजे शेंडेमर रोग आत शिरत नाही, आणि मग साधारण सहा-सात आठवड्यांनी झाड फुलांनी भरते. डोळा भरून तयार केलेल्या कलमी गुलाबाच्या जोडाखालून, म्हणजे रानटी खुंटावरून, जे जोमदार फुटवे येतात ते पाहून झाड वाढते आहे असा आनंद पुष्कळांना होतो. ते फुटवे वेळीच मुळापासून काढले नाहीत तर वरचे मूळ कलम उपाशी मरते आणि दोन वर्षांनी ‘आमचा लाल गुलाब रानटी झाला’ अशी तक्रार कानी येते. मोगऱ्याला हिवाळ्याच्या आरंभी काही काळ पाण्याचा ताण द्यावा लागतो, मग डिसेंबर-जानेवारीत छाटून, खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे लागते. ज्याच्या वाफ्यात मोगऱ्याला बारा महिने सारखेच पाणी मिळते त्याच्याकडे पानांचा पसारा भरघोस आणि चैत्रात कळ्या मोजक्या, असाच प्रकार असतो.

शेवंतीचे उदाहरण तर मुद्दाम विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण झाडाची निगा म्हणजे केवळ खत-पाणी असे समजणाऱ्यांना ते बरेच काही शिकवील. शेवंतीच्या बुंध्याशी फुटलेल्या काश्या वेगळ्या करून उन्हाळ्याच्या अखेरीस लावाव्या, रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा म्हणजे बाजूने फांद्या फुटतात, आणि श्रावणापर्यंत हे खुडणे एक-दोनदा पुन्हा करावे, येथवर बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती आहे. रात्री लांबत जातात त्या खुणेने ती कळी धरते, आणि ही रात्र तिला अखंड अंधाराची लागते. संस्थेच्या आवारातील प्रखर दिव्याच्या अगदी खाली शेवंतीचा वाफा केला, तर झाड हिरवेगार राहूनही दसरा-दिवाळी उलटली तरी कळी दाखवीत नाही, आणि त्याच मातीत, त्याच माळ्याच्या हातची, पण दहा-पंधरा पावलांवर भिंतीच्या काळोख्या बाजूस असलेली शेवंती पिवळीधमक फुललेली असते. येथे खताचे पोते उपयोगी पडत नाही. वाफा हलवावा लागतो, किंवा दिव्यावर झाकण घालून त्याचा झोत रस्त्यापुरता ठेवावा लागतो. असले ज्ञान झाडाकडे वर्षभर पाहिल्यानेच येते, व ज्याच्याकडे ते असते त्याला आपण बागेच्या कारभारात मान द्यावयास हवा.

किडींच्या बाबतीत आपली घाई विशेष घातक ठरते. मावा दिसला की विषारी औषध, पिठ्या ढेकूण दिसला की त्याहून जहाल औषध, असा क्रम सुरू झाला म्हणजे माव्याला खाणारे ढालकिडे आधी मरतात आणि मावा पुन्हा अधिक जोमाने येतो. पाण्याची जोरदार चिळकांडी, साबणाचे सौम्य पाणी, आणि पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, एकूण शंभर लिटर पाणी करून सायंकाळी फवारणे, एवढ्यावर घरगुती बागेतील बहुतेक किडी आटोक्यात राहतात. लहान बागेस याच प्रमाणात पन्नास ग्रॅम व एक लिटर घ्यावे. अलीकडे पावसाळ्यात शंखी गोगलगायींचा जो उपद्रव वाढला आहे त्याचा बंदोबस्त मात्र सामूहिकपणेच होऊ शकतो. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही मोठी गोगलगाय 1847 साली एका इंग्रज गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणून बागेत सोडली असे इतिहास सांगतो, आणि आज ती झेंडूची कोवळी रोपे एका रात्रीत फस्त करते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट सायंकाळी वाफ्यांच्या कडेला अंथरावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने किंवा हातमोजे घालून गोळा कराव्या व साबणाच्या वा मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्या. नुसत्या हाताने त्यांना शिवू नये, कारण त्यांच्यापासून माणसास बाधणारे जंत संभवतात, आणि वाफ्यात मीठ तर मुळीच पसरू नये, कारण त्याने गोगलगाय मरते तशी मातीही मरते. एका घराने हे केले आणि शेजारच्या चार घरांनी केले नाही, तर आठवड्याभरात स्थिती पूर्ववत होते.

पानगळीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांतून जो धूर उठतो, त्याने मला विशेष खेद होतो. माघ-फाल्गुनात बदामाची, पिंपळाची, आंब्याची पाने झाडून ढीग करावयाचे, ढिगाला काडी लावावयाची, आणि त्याच आठवड्यात बाजारातून खताची पोती विकत आणावयाची, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठविण्याची जबाबदारी आवाराच्या मालकावर टाकली आणि कचरा रस्त्यावर वा मोकळ्या सार्वजनिक जागी जाळण्यास मनाई केली. परंतु नियमांचा धाक बाजूला ठेवला तरी, ती पाने वाफ्यांवर दोन-तीन इंच जाडीने पसरली, बुंध्यापासून चार बोटे अंतर राखले, तर उन्हाळ्यात जमिनीची ओल टिकते, तण कमी उगवते, गांडुळे वरपर्यंत येतात, आणि पाऊस पडताच तोच पाला खत होऊ लागतो. उरलेल्या पानांसाठी आवाराच्या कोपऱ्यात विटांचा एक जाळीदार हौद बांधून, पाला व थोडे शेणखत यांचे थर देऊन, ओलावा राखून अधूनमधून हलविले, तर काही महिन्यांनी हाती येते ते खत विकतच्या खतापेक्षा उणे नसते. वाळकी पाने म्हणजे घाण, ही जी भावना फरसबंद अंगणांबरोबर आपल्यात रुजली, तिने आपल्या मातीचे फार नुकसान केले आहे.

या साऱ्या कामांचा कर्ता जो माळी, त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. ज्या महाराष्ट्रात माढा तालुक्यातील अरणचे संत सावता माळी यांनी आपल्या मळ्याच्या मशागतीलाच भक्तीचे रूप दिले, आणि पंढरीची वाट जवळ असूनही मळा सोडून जाण्याची ज्यांना गरज वाटली नाही असे संतचरित्रे सांगतात, त्या महाराष्ट्रात फुलझाडांची निगा राखणाऱ्याला आपण झाडूवाल्याच्या व पहारेकऱ्याच्या फावल्या वेळाचे काम देऊन मोकळे होतो. कोणत्या महिन्यात कशाची छाटणी, कोणत्या वाफ्यात कोणती कीड, याचे ज्ञान त्याला आहे की नाही हे आपण विचारीत नाही. असले तर त्याचा वेगळा मोबदला देत नाही, नसले तर ते मिळवून देण्याची तजवीज करीत नाही. मजुरी तुटपुंजी, काम पाच संस्थांत विभागलेले, आणि रोपे निवडण्याचा अधिकार शोभेची हौस असलेल्या एखाद्या पदाधिकाऱ्याकडे. अशा स्थितीत त्याने झाडांवर जीव लावावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहण्यास आपण कुटुंबासह जातो, तेथील डेलियांचे आणि गुलाबांचे ताटवे पाहून थक्क होतो. ज्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे त्या बागेची व्यवस्था आहे तिची स्थापना 1830 सालची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची निगा त्या झाडांमागे उभी आहे. परंतु परततानाच्या पिशवीत आपण फुललेले रोप आणतो, आणि ज्या हातांनी ते फुलविले त्यांना विचारण्याजोगा एकही प्रश्न आपल्याला सुचलेला नसतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा. दोघेही नोकरी करतात, मुलांच्या शाळा, प्रवासात जाणारे तास, अशात बागेला वेळ कोठून द्यावा? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्यावर माझे उत्तर असे, की मग बाग लहान करावी. दहा वाफे उपेक्षेने ठेवण्यापेक्षा दोन वाफे मनापासून ठेवावेत, आणि त्यांत जाती कमी लावाव्यात, म्हणजे प्रत्येकीचा स्वभाव नीट उमगतो. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या वर्षी धरणे भरत नाहीत, मराठवाड्यातील शहरांना आठवड्यातून एकदा नळाला पाणी येते, त्या वर्षी फुलांसाठी पाणी मागणे कोणालाही शोभणार नाही. परंतु भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी रोज प्रत्येक घरातून मोरीत जाते, त्यावर एक लहान वाफा सहज जगतो. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात, ते मात्र केवळ त्याच्यावरच झाडे जगविण्याइतके वापरू नये. शिवाय कण्हेर, सदाफुली, कोरांटी, बोगनवेल ही झाडे थोड्या पाण्यावर तग धरतात. गुलबक्षी आणि पावसाळी लिली तर वरून वाळून गेल्या तरी जमिनीखालचे आपले कंद राखून ठेवतात व पहिल्या सरीबरोबर पुन्हा वर येतात. टंचाईच्या वर्षी हिरवळ व हंगामी परदेशी फुले सोडून द्यावीत, आणि या चिवट झाडांना आच्छादनाखाली सांभाळावे. आणि निगेची परीक्षा चांगल्या पाऊसमानाच्या वर्षापेक्षा अशा वर्षीच अधिक कसून होते.

आता प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. गृहनिर्माण संस्थांचे हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. या सभांच्या कार्यपत्रिकेत बागेचा विषय आला तर तो बहुधा ‘नवीन रोपे व सुशोभीकरण’ या शीर्षकाखाली येतो, आणि एकरकमी मंजुरी मिळून संपतो. माझी सूचना अशी, की येत्या सभेत या रकमेचे दोन भाग करावेत आणि मोठा भाग बारा महिन्यांच्या निगेसाठी मुक्रर करावा. त्यातून माळ्याची मजुरी त्याच्या कौशल्यानुसार ठरवावी, त्याच्या छाटणीच्या व खताच्या दिवसांची नोंदवही ठेवावी, आणि त्याला वर्षातून एकदा एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या वा उद्यान संस्थेच्या शिक्षणवर्गाला संस्थेच्या खर्चाने पाठवावे. प्रत्येक मजल्याने आळीपाळीने एका आठवड्याचा सकाळचा फेरा पत्करावा; सेवानिवृत्त सभासद आणि शाळकरी मुले या कामास सर्वांत उत्सुक असतात, त्यांना एकत्र आणावे. पाला जाळण्यास मनाईचा ठराव करून त्याच ठरावात खताच्या हौदाची जागा निश्चित करावी, म्हणजे मनाई पाळण्याजोगी होईल. आणि नवी रोपे घेण्यापूर्वी जुन्या वाफ्यांतील झाडे का गेली याचे टिपण माळ्याकडून घेऊन ते सभेपुढे वाचावे. ज्या जातीचे रोप त्या जागी पूर्वी गेले असेल ते, कारण दूर झाल्यावाचून, पुन्हा विकत घेऊ नये. सप्टेंबरच्या अखेरीस हे ठराव झाले, तर गुलाबाच्या छाटणीस अद्याप पंधरवडा हाती असतो, आणि तेवढ्या अवधीत माळ्याला विचारून कात्र्यांना धार लावून घेणे, बोर्डो मलमाचे सामान आणणे व शेणखताची एक गाडी सांगून ठेवणे ही कामे कोणत्याही संस्थेला सहज उरकता येतील.